पिकासाचे घाव

आजोबांची नखं जन्मभर तांबडीच राहिली. डिचोलीकडच्या चिरेखाणीवर ते जांभ्याचे चिरे काढत. जांभा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कडक होत जातो. म्हणून तिथल्या तिथे तासून घ्यायचा. वडील मुरगावला गोदीत लागले, पण घराचे चिरे आजोबांनीच निवडून पाठवले. डिचोलीचं खनिज बार्जमधून बंदरात उतरायचं, आमचे चिरे ट्रकमधून आले.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांनी मला हरवळ्याच्या गुहा दाखवल्या. जांभ्यात कोरलेल्या, आत लिंगं. पांडवांनी खोदल्या, असं सगळेच सांगतात. भीमाने किती वेळात खोदल्या, मी विचारलं. आजोबांनी माझं बोट भिंतीवरच्या एका तिरक्या खोबणीत ठेवलं. "भीम खंयचो रे? हो पिकासाचो घाव." मी हिरमुसलो.

पुढे मी तारवटी झालो. एकदा बोट माल्टात दुरुस्तीला लागली. सुट्टी मिळाली तशी, दिवाडी बेटावर जावं तसा, फेरीबोटीने गोझो बेटावर गेलो. तिथली जगांतिया ही दगडी देवळं साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. काही दगड पाच मीटरांहून लांब, पन्नास टनांचे. नावातच राक्षस आहे. दंतकथा अशी, की एका राक्षसिणीने पोर खांद्याला अडकवून हे दगड वाहिले. भीमाची बहीणच! वाटेवर गोटीसारखे वाटोळे दगड पडलेले होते, मोठे दगड सरकवायला खाली घातलेले असावेत म्हणे. मी त्यांच्यापाशीच रेंगाळलो. राक्षसिणीला गोट्या कशाला लागतात?

निवृत्तीनंतर सांग्याकडे कुशावतीकाठच्या उसगाळीमळला गेलो. गावकऱ्यांनी दाखवल्यावर 1993 मध्ये तिथली कातळशिल्पं अभ्यासकांसमोर आली. इथे देऊळ नाही, भिंत नाही, पायाखाली नुसता सपाट जांभा, पावसाळ्यात नदीच्या पाण्याखाली जाणारा. भर दुपारी मला काहीच दिसेना. राखणदाराने बाटलीतलं पाणी ओतलं आणि ओल्या कातळातून वशिंडाचा बैल वर आला. मग हरणं, मग गोल गोल चक्रव्यूह.

मी उकिडवा बसलो. रेषेत बोट घातलं. हरवळ्याच्या खोबणीसारखी धार इथे नव्हती, कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तेवढ्यात ऊन लागून बैलाची शेपटी पुसली गेली.

"आणखी थोडं पाणी आहे का?" मी विचारलं.