आधी कानावर आलेली कविता

तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता, शहादा आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका गावात, कडुनिंबाखाली, कंदिलाच्या उजेडात मी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता पहिल्यांदा ऐकली. म्हणणारा एका सालदाराचा पोरगा. हातात कागद नाही. व्यासपीठावर चढून आदिवासींचं दुःख आदिवासींनाच सांगणाऱ्यांविषयीची ती कविता म्हणायला तो उभासुद्धा राहिला नाही. माणसांत बसूनच बोलला. टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी नुसतं 'हां' म्हणालं आणि बराच वेळ सगळे गप्प राहिले.

वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह 1987 साली आला. वाहरूभाऊ त्याच्या कितीतरी आधीपासून श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. हातच्या गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, मोर्चे, शिबिरं. कविता त्यातच व्हायची, भिलोरीत आणि मराठीत. पुस्तक मी नंतर वाचलं. कविता आधी कानावर येणं आमच्या खान्देशाला नवं नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांची गाणी इतरांनी ऐकून उतरवली म्हणून राहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

हल्ली जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत पोरं मोबाइलमध्ये बघून कविता म्हणतात. पाड्यावरची मुलगी माइकवर भिलोरीत बोलते आणि सभागृहात कुणी हसत नाही, याचा मला फार आनंद होतो. आमच्या वर्गात तोंडून अहिराणी शब्द निघाला की छडी बसायची. या पोरांची वाट वाहरूभाऊंसारख्यांनी मोकळी केली.

चुकल्यासारखं वाटतं ते ऐकणाऱ्यांचं. सभागृहात जो तो आपल्या नंबरची वाट बघत असतो, आणि आपलं झालं की गाडीला किक मारतो. कडुनिंबाखालच्या माणसांना कसला नंबर? दिवसभर राबून आलेली ती माणसं ऐकायलाच बसलेली असत.

म्हणून माझ्याकडे वही घेऊन येणाऱ्या पोरांना मी सांगतो, आधी घरी म्हणून ये. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आईला ऐकव, मग माइकपुढे जा. धुळ्याजवळच्या खेड्यातला एक पोरगा खरंच ऐकवून आला. दोन ओळी खोडलेल्या होत्या. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "माय म्हने, बाजरी आशी नई कापतस."