कोण हाक मारतंय तेवढं सांग

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून समोरच्या खांबापर्यंत एक तार ताणलेली आहे. नव्याने कामाला आलेल्या प्रत्येक मावशी पहिल्या आठवड्यात तिच्यावर एकदा तरी चादर वाळत घालतात. मग खालून काकांचा आवाज येतो, "मावशी, ती दोरी नव्हे, माझी अँटेना आहे की!"

काका हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग स्वतःचं एक कॉलसाइन मिळतं आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलता येतं. यात पैसे मिळवायला मनाई आहे. काका उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होते. संध्याकाळी सात वाजता जेवून ते रेडिओपुढे बसले की घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, हा काकूंनाही मान्य असलेला नियम होता.

मी आठवीत असताना त्यांच्या या नादात ओढला गेलो. ५ मे २००५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत 'हॅमसॅट' नावाचा साडेबेचाळीस किलोचा छोटा उपग्रह सोडला होता, खास हॅम लोकांसाठी. तो ऐकायचा काकांनी ध्यास घेतला. जुन्या टीव्ही अँटेनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापून त्यांनी हातात धरायची अँटेना केली. पण उपग्रह आपल्या डोक्यावर येणार कधी आणि कुठल्या दिशेने, हे सांगणारा प्रोग्राम हवा होता. ओळखीच्या एका मुलाने सीडी आणून दिली. हजारो रुपयांचा प्रोग्राम, चोरून कॉपी केलेला. काकांनी ती परत केली.

"हवेत बोलायला मी सरकारचा परवाना काढलाय. मग प्रोग्राम चोरून कशाला वापरू रे?"

मी तेव्हा मनातल्या मनात चिडलो होतो. शेवटी एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडून लिनक्सची सीडी मिळाली आणि सायबर कॅफेतून 'जीप्रेडिक्ट' नावाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर उतरवून आणला. तो सुरू करायला आम्हा दोघांना दोन रविवार लागले. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या अलेक्झांड्रू सेते या हॅमने तो लिहिला आहे आणि त्यासाठी त्याने आधार घेतला तो अमेरिकेतल्या जॉन मॅग्लियाकेन या दुसऱ्या हॅमच्या 'प्रेडिक्ट'चा. तिसऱ्या रविवारी, प्रोग्रामने सांगितलेल्या मिनिटाला, मी गच्चीवर अँटेना धरून उभा राहिलो. काकांच्या रिसीव्हरमधून एक बारीक शिट्टी आली. उपग्रह जवळून लांब जाताना तिचा सूर हळूहळू उतरत गेला. दहाएक मिनिटांत सगळं संपलं. माझे हात भरून आले होते आणि काका लहान मुलासारखे हसत होते.

"फुकटात मिळाला की प्रोग्राम," मी म्हणालो.

"फुकट नव्हे, मोकळा," काका म्हणाले. "आत कसा आहे ते उघडून बघता येतं. आमची सर्किटं अशीच असतात. एकाने काढायचं, दुसऱ्याने सुधारायचं, तिसऱ्याला द्यायचं."

ते खरंच होतं. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आपल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून बनवता येईल असा 'बिटएक्स' हा ट्रान्सीव्हर तयार केला आणि त्याचं सर्किट सगळ्यांना खुलं ठेवलं. पुढे 'मायक्रोबिटएक्स' आला, त्याच्या आतला प्रोग्रामही तसाच खुला. काकांच्या टेबलावर आज तोच सेट आहे.

या सेटवरून रोज सकाळी सात वाजता काका निपाणीच्या एका निवृत्त कन्नड मास्तरांशी बोलतात. काका मराठीत सुरू करतात, मास्तर कन्नडमध्ये उत्तर देतात आणि मधे कुठेतरी दोघांची अदलाबदल होते. पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे, एवढंच बोलणं. मला ते रिकामपणाचं वाटायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि निपाणीहून कोल्हापूरकडची वाट बंद झाली. माझी आत्या निपाणीत एकटी होती. तिचा फोन दोन दिवस लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लावून आले. "निम्म तंगी चेन्नागिद्दारे," ते म्हणाले. तुमची बहीण बरी आहे. वीज नसल्यामुळे फोन बंद आहे आणि ती शेजाऱ्यांकडे वर राहायला गेली आहे. काका काही बोलले नाहीत. आभार मानायलाही त्यांना पंधरा सेकंद लागले.

त्यानंतर तीन वर्षांत काकांची नजर गेली. मधुमेहाने. पूर्ण नाही, पण अक्षर लागेनासं झालं. मी बेंगळुरूला नोकरीला होतो. गणपतीला घरी आलो तर सेटवर कापड टाकलेलं.

"बंद केलं," काका म्हणाले. "फ्रिक्वेन्सीचे आकडे दिसत नाहीत. चुकून आपल्या हद्दीबाहेर बोललो तर? लॉग लिहिता येत नाही. लॉग न ठेवता बोलणं नियमात बसत नाही."

सकाळी सातला मी रेडिओशेजारी बसलो होतो. काकाही येऊन बसले. सेट बंदच होता. घड्याळात सव्वासात झाले तसे ते उठले आणि चहा घ्यायला गेले. निपाणीत मास्तर वाट बघून गेले असतील, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

बेंगळुरूला परतल्यावर मी शोधायला लागलो. फ्रिक्वेन्सी बोलून दाखवणारे प्रोग्राम होते, पण इंग्रजीत आणि अशा उच्चारात, की काकांनी दोनदा ऐकून हेडफोन काढून ठेवला. मग लक्षात आलं की लागणारे सगळे तुकडे वेगवेगळे पडलेले आहेत. 'हॅमलिब' नावाची मुक्त लायब्ररी सेटला फ्रिक्वेन्सी विचारू शकते. 'ईस्पीक' हा मुक्त प्रोग्राम मराठी वाचतो. आणि काकांचा आवडता 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' तर होताच.

हा शेवटचा प्रोग्राम जो टेलर यांच्या चमूचा. दुहेरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे टेलर स्वतः हॅम आहेत. २०१७ मध्ये त्यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत 'एफटी८' ही पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत छोटे संदेश जातात आणि कानाला नुसती खरखर ऐकू येते तिथूनही संगणक ते वेचून काढतो. वेचलेला प्रत्येक संदेश हा प्रोग्राम त्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रामलाही देतो. मला फक्त मधला निरोप्या लिहायचा होता.

तीन आठवडे रात्री बसून मी तो पायथनमध्ये लिहिला. दिवाळीत मोठ्या ऐटीत काकांपुढे सुरू केला. पंधरा सेकंदांत वीस-बावीस संदेश येत होते आणि एक कॉलसाइन नीट म्हणायलाच तीन-चार सेकंद लागत होते. पहिल्या पाळीचं वाचन संपेपर्यंत पुढच्या कितीतरी पाळ्या येऊन गेलेल्या. त्यात तो यांत्रिक आवाज. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हा सर्दी झालेला माणूस कोण आणलास रे?"

मी वाचनाचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सगळं सांगू नकोस रे बाबा. मला कोण हाक मारतंय तेवढं सांग."

मी काकांना जे दिसत नव्हतं ते सगळंच्या सगळं ऐकवायला निघालो होतो. त्यांना हवं होतं ते एवढंच. त्या रात्री मी निम्मा प्रोग्राम पुसून टाकला. आता तो दोनच गोष्टी बोलतो: काकांना कुणी बोलावलं तर त्याचं कॉलसाइन, आणि विचारलं तर फ्रिक्वेन्सी. हद्दीजवळ गेलं की "थांबा" म्हणतो. लॉग आपोआप लिहितो.

त्या लॉगमध्येही एक चूक निघाली आणि ती काकांनीच पकडली. हॅम लोकांचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला तारीख बदलते. मी बदलत होतो रात्री बाराला. काका पहाटे चारला उठणारे, त्यामुळे त्यांच्या निम्म्या नोंदी समोरच्याच्या नोंदींशी जुळेनात. "संगणकाचं शिक्षण घेतलंस आणि घड्याळ बघता येईना?" म्हणाले.

प्रोग्राम आता मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी ठेवला आहे. पहिली भर घातली ती निपाणीच्या मास्तरांनी. त्यांना संगणकाचं काही कळत नाही, पण प्रोग्राम जी वाक्यं बोलतो त्यांची यादी मी छापून पाठवली होती. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे सुवाच्य अक्षरात कन्नड लिहून ती पोस्टाने परत केली. दोन ठिकाणी माझं मराठीही सुधारलं होतं. आता एकाच फाइलमध्ये डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. हॅमची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. पहिल्या श्रेणीला मोर्स लागत नाही. परीक्षा द्यायची नसेल तरी चालेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा काका, मामा, आजी कुठल्या यंत्रापुढे अडून बसलेत तेवढं बघा. अर्धे तुकडे कुणीतरी आधीच करून मोकळे ठेवलेले असतात.

गेल्या महिन्यात घरी होतो. सकाळी सातला सर्दी झालेला माणूस म्हणाला, "सात पूर्णांक शून्य आठ." काकांनी माइक उचलला. निपाणीत पाऊस झाला होता. मास्तरांचा गुडघा तसाच आहे.