ताळा जुळला की नाव आपलं

वीस वर्षांपूर्वी आमच्याकडं डोमेन विकायचं म्हणजे निम्मं काम बँकेच्या खिडकीवर व्हायचं. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या एखाद्या कृषी केंद्रवाल्याला दुकानाचं नाव इंटरनेटवर पाहिजे असलं, तर तो कापसाचे चुकारे घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत उभा राहून डिमांड ड्राफ्ट काढायचा आणि फोन करायचा, "भाऊ, ड्राफ्ट कुरिअरनं टाकला जी, नंबर लिहून घ्या." ड्राफ्ट वटेपर्यंत आठवडा सरायचा. तेवढ्यात ते नाव दुसऱ्यानं घेतलं, की पुन्हा फोन आणि पुन्हा नव्या नावाचा शोध.

त्याही आधी, १९९५ मध्ये अमेरिकेत एका नावाला दोन वर्षांचे शंभर डॉलर पडायचे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढं मुंबईच्या डायरेक्टी कंपनीनं रिसेलरक्लब ही सेवा काढली आणि लहान गावातल्या पोरांनाही डोमेन विकता येऊ लागलं. आगाऊ पैसे भरायचे, नाव विकलं की त्यातून रक्कम वजा व्हायची. २००५ मध्ये डॉट इन खुलं झालं आणि गिऱ्हाइकं वाढली.

अडचण एकच होती. गिऱ्हाईक कार्डानं पैसे देणार बँकेच्या पानावर आणि नाव नोंदवायचं रजिस्ट्रारकडं. या दोघांना जोडणारी स्क्रिप्ट आम्ही पीएचपीत लिहायचो आणि नागपूर-अमरावतीच्या रिसेलरांना विकायचो. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि गुप्त किल्ली एकत्र करून एमडी-५ या सूत्रानं ताळा काढायचा. बँकेकडून उत्तर परतलं की तोच ताळा पुन्हा काढून पाहायचा. कुणी पत्त्याच्या पट्टीत नऊशेचे नऊ केले, तर ताळा चुकायचा आणि नोंदणी तिथंच थांबायची. स्क्रिप्टसोबत हे सगळं फोनवर समजावून सांगणं हा सौद्याचाच भाग होता. घेणाऱ्याला ते नीट कळल्यावरच आम्ही फोन ठेवायचो.

आज तो रस्ता केवढा आखूड झाला! १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्डव्यवहाराला जास्तीचा पासवर्ड सक्तीचा केला आणि लोकांची भीती कमी झाली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. आता झरीच्या चौकातला चहावालाही क्यूआर लावून बसतो आणि डोमेनचे पैसे मिनिटात पोचतात. पेमेंटचा प्लगइन तयार मिळतो, दोन किल्ल्या चिकटवल्या की दुकान सुरू. ज्या तालुक्यातून ड्राफ्टसाठी वणी किंवा पांढरकवडा गाठावं लागायचं, तिथल्या पोरीला आज घरी बसून जगाशी व्यवहार करता येतो. याचा मला मनापासून आनंद आहे.

तरी ते फोन आठवतात. एमडी-५ मागं पडलं, शा-२५६ आलं, पण किल्ली गुप्त ठेवायची आणि परतलेला ताळा आपल्या सर्व्हरवर तपासायचा, हा नियम तोच आहे. तयार प्लगइन विकणारा हा नियम शिकवत बसत नाही. नावांचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. झरी जामणीच्या नव्या मुलामुलींनी आपल्या लिपीत नाव घ्यावं, ते दुसऱ्याच्या खात्यावर न ठेवता स्वतःच्या नावे नोंदवावं आणि पैसा कुठून कुठं जातो ते एकदा स्वतः ओळीनं वाचून समजून घ्यावं. जुन्या माणसांनी ते शिकवायला पुढं यावं. आमच्या पिढीकडं देण्याजोगं तेच आहे.