उषस्तीचें पाणी

गेल्या महिन्यांत माळ्यावरील जुनी ट्रंक उघडली असतां आमच्या हातीं एक पिवळा पडलेला निबंध आला. अक्षर आमचेंच. वर 'प्रथम क्रमांक' असा तांबड्या शाईचा शेरा आणि मथळा 'अनुशासनपर्व'. साल १९७६. आम्ही तेव्हां पंधरा वर्षांचे असून मॅट्रिकच्या वर्गांत होतों. विनोबांच्या मौनांतून निघालेला हा शब्द त्या दिवसांत सरकारी भिंतीभिंतींवर झळकत होता. आम्हीं तो उचलला. आगगाड्या वेळेवर धांवतात, कारकून अकराच्या ठोक्यास मेजाशीं सांपडतो, साठेबाजांस जरब बसली आहे, अशीं वाक्यें त्यांत मोठ्या डौलानें मांडलेलीं आहेत. वाचकांपासून कशास लपवावें? तो निबंध आम्ही लिहीत होतों, त्या वेळीं आमचे सख्खे चुलते नानाकाका सहा महिन्यांपासून तुरुंगांत होते.

नानाकाका संस्कृतचे शिक्षक. राजकारण म्हणावें तर एवढेंच कीं, ते एका सभेस गेले व तेथें चार वाक्यें बोलले. १९७५ च्या जुलैंत एके दिवशीं पहांटे शिपाई आले. काकूंनीं चहा टाकला होता, तो तसाच राहिला. अटकेचें कारण सांगण्याचें बंधन सरकारनें स्वतःवरून काढून टाकलें होतें. त्यामुळें तें नानांस कळलें नाहीं व आम्हांसहि नाहीं. आजोबा म्हणत, "संकटकाळीं राजास दंड हातीं घ्यावाच लागतो. नाना निर्दोष असेल तर आज ना उद्यां सुटेल." काकू सासऱ्यांपुढें सहसा बोलत नसत. त्या दिवशीं मात्र त्यांनीं दाराआडून विचारलें, "सुटतील म्हणतां, मामंजी, पण सोडा म्हणून अर्ज कोणाकडे करायचा?"

आजोबांपाशीं उत्तर नव्हतें.

आतां कायद्याची बाजू पाहूं. घटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदान्वयें, देशाच्या सुरक्षिततेस धोका आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाल्यास ते आणीबाणी पुकारूं शकतात. मूळ घटनेंत त्यास तीन निमित्तें होतीं: युद्ध, परचक्र आणि 'अंतर्गत अशांतता'. पहिलीं दोन शेंबड्या पोरासहि ओळखूं येतात. तिसरें मात्र ज्याच्या डोक्यावर सत्तेची पगडी त्यालाच दिसावें असें. १९४९ च्या ऑगस्टांत घटनासमितींत ह्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हां हरि विष्णु कामथ यांनीं जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला देऊन सभासदांस सावध केलें होतें. त्या घटनेच्या ४८ व्या कलमानें अध्यक्षास असेच अधिकार दिले होते. १९३३ च्या फेब्रुवारींत राइशस्टागच्या आगीचें निमित्त होऊन हिंडेनबुर्ग यांनीं त्या कलमाखालीं नागरिकांचे हक्क स्थगित केले. ते हिटलरच्या अंतापर्यंत जर्मन माणसास परत मिळाले नाहींत.

आपल्याकडे काय झालें? १२ जून १९७५ रोजीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली आणि तेरा दिवसांनीं देशावर संकट कोसळलें! २५ जूनच्या रात्रीं राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांनीं सही केली. मंत्रिमंडळास ती गोष्ट दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळली. १९७१ च्या युद्धानिमित्त पुकारलेली आणीबाणी तोंवर उठलेलीच नव्हती. तिच्यावर ही दुसरी. मग राष्ट्रपतींच्या 'खात्री'ची चौकशी न्यायालयानें करूं नये अशी घटनादुरुस्तीहि झाली. वृत्तपत्रांवर पहारा बसला, लोकसभेनें आपलीच मुदत लांबविली, आणि एक लाखाहून अधिक माणसें डांबलीं गेलीं, असें पुढें शाह आयोगास आढळून आलें.

छांदोग्य उपनिषदांत उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. गारांनीं कुरुदेशाचीं पिकें नासलेलीं. भुकेनें व्याकुळ झालेल्या उषस्तीनें एका महाताच्या पानांतलें उष्टें कडधान्य मागून खाल्लें. महातानें मग पाणीहि पुढें केलें; तें उष्टें म्हणून उषस्तीनें नाकारलें. महात चकित झाला. धान्य उष्टें नव्हतें काय? उषस्तीनें सांगितलें कीं, धान्यावांचून आपले प्राण गेले असते. पाणी मात्र वाटेल तेथें मिळण्यासारखें आहे. उष्ट्याखरकट्याचा विचार आज कोणी तितका करीत नाहीं, तो बाजूस ठेवूं. पण आपद्धर्माचें एवढें चोख माप आम्हांस अन्यत्र आढळलें नाहीं. १९७५ सालीं सरकार तें पाणी हंडे भरभरून प्यालें.

आणि आम्हीं घरच्यांनीं ओंजळ धरली, हेंहि सांगितलें पाहिजे. आजोबा दुष्ट नव्हते. पेन्शनच्या एका कागदासाठीं त्यांनीं एका कचेरीच्या बारा खेपा घातल्या होत्या, आणि तेरावे खेपेस कारकून जाग्यावर सांपडला. त्या एका सहीच्या आनंदांत मुलाच्या अटकेचें दुःख झांकून ठेवण्याची त्यांची धडपड चालली होती, असें आतां वाटतें. आम्हांस तर तेवढेंहि निमित्त नव्हतें. आम्हांस बक्षीस हवें होतें.

काकूंच्या प्रश्नाचें उत्तर २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलें: कोणाकडेच नाहीं. नऊ उच्च न्यायालयांनीं तत्पूर्वीं स्थानबद्धांची बाजू उचलून धरली होती. परंतु जबलपूरच्या त्या खटल्यांत पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं तो मार्ग बंद केला. त्या चौघांत आपले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले, आणि १९७७ सालीं सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यास देण्यांत आलें. पुढें २०१७ सालीं, खाजगीपणाच्या हक्कावरील निकालपत्रांत, चंद्रचूडांचेच चिरंजीव धनंजय यांनीं तो जुना निर्णय चुकीचा ठरविला. वडिलांचा शब्द खोडावा कसा, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस कोणी शिकविलेलें नसतें. येथें तें लेखी केलेलें पाहून आम्ही कितीतरी वेळ वर्तमानपत्र हातांत धरून बसलों.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें पुष्कळ डागडुजी केली. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींकडे लेखी जाणें आवश्यक ठरलें. संसदेची विशेष बहुमतानें संमति महिन्याच्या आंत, व पुढें दर सहा महिन्यांनीं, घ्यावी लागते. आणि जीविताचा हक्क देणारा एकविसावा अनुच्छेद आणीबाणींतहि स्थगित करतां येत नाहीं. दार भक्कम झालें खरें. तथापि खटल्यावांचून माणूस अडकविण्यास बाविसावा अनुच्छेद शांततेच्या काळींहि वाव ठेवतो. त्यास आणीबाणी लागत नाहीं. ज्यांच्या घरीं वकिलीचा अभ्यास करणारीं मुलें आहेत, त्यांनीं तो एकवार त्यांजकडून वाचवून घ्यावा.

नानाकाका १९७७ च्या आरंभीं सुटून आले. चारसहा दिवसांनीं आमचा निबंध कोणीतरी कौतुकानें त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो ओटीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचला, पेन्सिल मागितली, एके ठिकाणीं ऱ्हस्व होतें तें दीर्घ केलें आणि तळाशीं लिहिलें, "महाभारतांत अनुशासनपर्वाच्या आधीं शांतिपर्व आहे. आपद्धर्म त्यांत येतो. वाचलास काय?" आम्हीं वाचला नव्हता. पुढें त्यांच्यापाशींच वाचला; उषस्तिहि त्यांनींच सांगितला.

आजोबा झोंपाळ्यावर होते. त्यांनीं निबंध मागून घेतला, चष्मा लावून ती पेन्सिलीची ओळ वाचली, कागदाची नीट घडी केली आणि आंत वळून काकूंस म्हणाले, "सूनबाई, नानासाठीं चहा टाका."