बुश बदलले, पण बोल्ट कधी आवळले ते महत्त्वाचं



टोमॅटोची तोडणी सुरू व्हायच्या आत पिकअपच्या पुढच्या आर्मचे आणि मागच्या पाट्यांचे बुश बदलून घेतले. गाडी चौदा वर्षांची. काम घरच्या शेडमध्येच, गावातल्या फिटरला सोबत घेऊन केलं. यात एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर सगळा खर्च पाण्यात जातो, म्हणून लिहितोय.

आधी लक्षणं. ब्रेकरवरून जाताना पुढून 'खट्ट' आवाज. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट करून आणलं तरी टिकत नाही, टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो. भरल्या गाडीनं उतारावर ब्रेक मारताना ही ओढ जीवावर बेतू शकते. टायरचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

तपासायला फार काही लागत नाही. चाकांना दगड लावा, जॅकनं गाडी उचला आणि चेसिसखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका. आर्म आणि चेसिसच्या मधे पहार घालून हलवून बघा. वरवरच्या बारीक भेगा वयानं पडतातच. पण रबर नळीपासून सुटलेलं असेल किंवा आर्म ढिला मागेपुढे सरकत असेल, तर बुश गेला म्हणायचा. ठिबकचं ग्रोमेट उन्हानं कडक होऊन गळायला लागतं ना, तोच प्रकार.

बदलताना डावा-उजवा जोडीनंच बदला. जुना बुश गॅसनं जाळून काढू नका. धूर विषारी असतो, आर्मलाही ताव बसतो. प्रेसवर काढा आणि दाब देताना आर्मच्या दोन कानांमधे पाइपचा तुकडा धरा, नाहीतर कान वाकतात. नवा बुश कोणत्या दिशेनं बसवायचा याची खूण आधीच करून ठेवा. रबराला डिझेल, ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

आता मुख्य गोष्ट. या बुशमधे आतली लोखंडी नळी आणि रबर एकमेकांना पक्के चिकटलेले असतात. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पीळ खातं आणि परत येतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराची मोकळी जागा तीच ठरते. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ बसतो. नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो आणि आपण म्हणतो, माल डुप्लिकेट होता.

म्हणून बोल्ट आधी फक्त हातानं बसवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, चार हात पुढेमागे ढकलायची, म्हणजे ती आपल्या उंचीवर बसते. मग खड्ड्यावर उभी करून, वजन चाकांवर असतानाच, मॅन्युअलमधल्या मापानं बोल्ट आवळायचे. पाट्यांच्या रबरी बुशलाही हाच नियम. फिटरला घाई असते. पण या दहा मिनिटांसाठी तिथे उभं राहा.

दुकानदार पॉलीयुरेथेनचे बुश सुचवतो. स्पोर्ट्स गाड्यांना ते ठीक, वळणावर गाडी घट्ट राहते. पण ते कडक असतात, हादरे वर पाठवतात आणि बऱ्याच प्रकारांना मधूनमधून त्यांचं खास ग्रीस लागतं. आपल्या मुरमाच्या रस्त्याला आणि मागच्या क्रेटमधल्या मालाला रबरच बरं.

काम झाल्यावर अलाइनमेंट करूनच घ्या. एवढं करून आवाज राहिला तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड बघा. आमची गाडी आता ब्रेकला सरळ उभी राहते. तुमची ओढत असेल, तर माल भरायच्या आधी एकदा पहार लावून बघाच.