निळ्या तळ्यातला कांदा

मुलांनो, आज जाऊ या अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या वीआइप माळावर. भोवती पाइनचे डोंगर, मध्ये ओलसर गवताळ सपाटी. मे-जूनमध्ये लांबून पाहिलंत तर वाटेल, समोर तळंच पसरलंय! मेरिवेदर लुईस हा प्रवासी १८०६ च्या जूनमध्ये इथे आला, तेव्हा त्यालाही पहिल्यांदा पाणीच वाटलं. प्रत्यक्षात ती होती कॅमसची निळी फुलं. हे झाड आपल्या शतावरीच्या कुळातलं. हल्ली हौशी लोक ते बागेत शोभेसाठी लावतात.

इथल्या निमीपू ऊर्फ नेझ पर्स लोकांना मात्र मोल होतं मातीखालच्या कांद्याचं. आदल्या वर्षी, २० सप्टेंबर १८०५ ला, लुईसचा जोडीदार क्लार्क सहा शिकाऱ्यांसह उपाशीपोटी इथे उतरला. वाटेत त्यांच्यावर घोड्याची शिंगरं मारून खायची वेळ आली होती. निमीपूंनी त्यांना मांस, सामन मासे आणि कॅमसची भाकरी दिली. पाहुण्यांनी ताव मारला आणि मग पोट धरून बसले!

कॅमस कच्चा पचत नाही, कारण त्यात इन्युलिन असतं. बायका टोकदार काठीने कांदे खणत आणि लहान कांदे पुढच्या वर्षासाठी मातीतच ठेवत. खड्ड्यात दगड तापवायचे, वर ओलं गवत, कांदे, पुन्हा गवत नि माती. तुम्ही पोपटी खाल्लीय ना? तसंच काहीसं, पण हे भाजणं दोन-तीन दिवस चाले! तेवढ्या उष्णतेने इन्युलिनची साखर होते आणि कांदा तपकिरी, गोड बनतो. तो वाळवून, कुटून वड्या केल्या की हिवाळ्याची बेगमी झाली.

याच माळांवर 'मृत्यू-कॅमस' नावाचं विषारी झाडही उगवतं. कांदा जवळजवळ सारखाच, फूल तेवढं पांढरट. म्हणून ओळख पटवायची ती फुलोऱ्यातच. (बागेतला कुठलाही कंद चाखून बघू नका हं!)

याच राज्यात दक्षिणेला दुसरा कॅमसचा माळ आहे. तो बॅनक लोकांचा. १८६८ च्या तहात तो त्यांना मिळायचा होता, पण कागदावर 'कॅमस'च्या जागी 'कॅन्सस' लिहिलं गेलं. गोऱ्या वसाहतवाल्यांची डुकरं माळात शिरून कांदे उकरू लागली. भुकेने गांजलेले बॅनक १८७८ मध्ये लढायला उठले आणि हरले.

वीआइपचाही बराच माळ नांगराखाली गेला. थोडा भाग आता राष्ट्रीय उद्यानात राखलाय. निमीपू कुटुंबं आजही कॅमस खणतात आणि खड्ड्यात भाजतात.