देवाचा मध आणि कायदा

पंचामृतातील दूध, दही व तूप कोणत्या घरच्या गाईचे, हे देवळात बहुधा ठाऊक असते. मध कोठून आला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या परसात माडांच्या सावलीत सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत व ग्रामदेवतेच्या अभिषेकाचा मध त्यांतून जातो. "यास सरकारी परवाना लागत नाही का?" असे लोक वरचेवर विचारतात, म्हणून आम्ही कायदा चाळला.

कायदा प्रथम विचारतो तो मध कोठला, हे. १९२७ चा भारतीय वन अधिनियम जंगलात सापडलेला अथवा तेथून आणलेला मध व मेण ही वनोपज मानतो. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमान्वये अभयारण्यातील मध परवान्यावाचून काढता येत नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्या रानातला मध गोळा करणाऱ्या वननिवासींचा त्यावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. परसातल्या पेटीस ही कलमे लागत नाहीत. मात्र मधाची विक्री मांडली, की अन्नसुरक्षेचे नियम येतात व लहान विक्रेत्यासही नोंदणी करावी लागते.

त्या नियमांतील एक बारकावा वाचून आम्हांस कौतुक वाटले. मधात पाण्याचा अंश शेकडा २० हून व सुक्रोज शेकडा ५ हून अधिक नसावे. परंतु कारवीच्या मधास सुक्रोजची मर्यादा १० ठेविली आहे. सुमारे सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या सह्याद्रीच्या झुडपाची कायद्याने दखल घेतली आहे!

तथापि प्रयोगशाळा साखरेची भेसळ पकडील; पलित्याने जाळलेले आग्या मोहोळ तिला बाटलीत दिसणार नाही. पेटीतील चौकटी यंत्रात फिरवून मध काढला, तर रिकामे पोळे माश्यांस परत देता येते. मोहोळ जाळले, तर अंडी-पिलांसह सारी वसाहत नष्ट होते.

गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पूजिली जाते, आणि तेच नाव धारण करणारी माशीही क्वचित वारुळाच्या पोकळीत पोळी बांधते. तेव्हा देवस्थानच्या महाजनांनी मध घेताना नोंदणीचा कागद अवश्य पाहावा. पण त्याआधी तो कसा काढला, हे विचारावे. पेटीचा मध अपुरा पडला, तर पिलांचा भाग राखून मध काढणाऱ्या वननिवासींकडून तो घ्यावा, व दाम पुरा द्यावा.